हात मांडीखाली

फेब्रुवारी संपत आला की नाशकात कोपऱ्याकोपऱ्यावर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात आणि घराघरांत परीक्षेची वेळापत्रकं कपाटांच्या दारांवर चिकटतात. लोकांना हे दिवस आवडत असावेत. मला मात्र ते सुखानं जात नाहीत. परवाचीच गोष्ट. मी ओट्यापाशी द्राक्षं मिठाच्या पाण्यात घालत होते आणि भाची शेजारी मोबाइलवर शाळेचा सराव-धडा सोडवत बसली होती. तिला उत्तर येत होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं. तरी तिचं बोट मुद्दाम चुकीच्या पर्यायावर जात होतं.

"अगं, येतंय ना तुला?"

"येतंय गं आत्या. पण चुकलं की तो हत्ती धपकन पडतो. बरोबर आलं की नुसती टिक. बोअर आहे."

मी घड पाण्यात तसाच सोडला आणि खुर्चीत बसले. तिला काय सांगणार? याच दिवसांत, वीसेक वर्षांपूर्वी, मीही चुकीच्या उत्तराला अशीच गंमत जोडली होती आणि त्यानंतर कितीतरी दिवस मला धड जेवण गेलं नव्हतं. तिनं पुन्हा हत्ती पाडला आणि हसली.

मी मुळातच काळजीखोर. आई म्हणायची, "ही बोहल्यावर अंतरपाट धरल्यावरसुद्धा विचारेल, गॅस बंद केलाय ना?" अशा बाईनं खरं तर शाळेतच राहायला हवं होतं, जिथं सगळं घंटेवर चालतं. पण मी विज्ञान शिकवायचे ती जागा रजेवरच्या बाईंची होती. बाई परतल्या आणि मी घरी आले. मग ओळखीतून प्रभुणे सरांकडे काम मिळालं. गंगापूर रोडला एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या, तीन कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा पंखा. तिथं आम्ही कॉम्प्युटरवर शिकायचे धडे करायचो. मी मजकूर आणि प्रश्न लिहायचे, मालेगावचा रफिक त्यांची हलती चित्रं करायचा आणि सर कामं आणायचे. माझ्या कार्डावर 'इन्स्ट्रक्शनल डिझायनर' असं छापलं होतं. बाबांना ते उच्चारायला जमायचं नाही, म्हणून ते सांगायचे, "मुलगी कॉम्प्युटरमध्ये असते." जणू मी त्या डब्यातच राहायला गेले होते.

हे काम शिकायचं कुणाकडून, हा मोठा प्रश्न होता. नाशकात दुसरं कुणी ते करत असेल तर आम्हाला माहीत नव्हतं. पुस्तकं मिळायची नाहीत. मी शाळेतला फळा डोळ्यांसमोर आणून धडे लिहायचे आणि रोज संध्याकाळी वाटायचं, आपण जे करतोय ते बरोबर की चूक हे सांगणारं जगात कुणीच नाही.

मग एक दिवस इंटरनेटवर शोधता शोधता तो फोरम सापडला. फिकट निळ्या रंगाचं साधं पान होतं ते. जगभरातले, असेच धडे करणारे लोक तिथं आपापल्या अडचणी मांडायचे आणि एकमेकांना उत्तरं द्यायचे. कुणी बँकेच्या नोकरांसाठी धडे करत होतं, कुणी गिरणीतल्या कामगारांसाठी. तिथली एक रीत होती. आपलं काम दाखवायच्या आधी दुसऱ्या दोघांचं काम मनापासून पाहायचं आणि त्यावर लिहायचं. मला घाम फुटला. मराठी शाळेत शिकलेली मी, या गोऱ्या साहेबांना त्यांच्या चुका इंग्रजीत कशा सांगणार? मी आधी वहीत लिहिलं, शब्दकोश काढून एकेक शब्द तपासला, सरांना दाखवलं, पुन्हा लिहिलं. एवढं करून कळवलं काय, तर ब्राझीलच्या एका गृहस्थांच्या धड्यातली अक्षरं वाचून व्हायच्या आत पुसली जातात. बटण दाबल्यावर वाटलं, आता आपली शोभा होणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर यायच्या आधी ऑफिस उघडलं. उत्तर आलेलं होतं. त्या गृहस्थांनी आभार मानले होते आणि विचारलं होतं, नाशिक कुठं आहे, तिथं काय पिकतं? मी लिहिलं, द्राक्षं. त्या दिवशी मी झेरॉक्सवाल्यालासुद्धा चहा पाजला.

तिथंच मला आयलीनबाई भेटल्या. भेटल्या म्हणजे त्यांची अक्षरं भेटली. स्कॉटलंडमधल्या कुठल्याशा लहान गावात त्यांनी उभा जन्म नर्सेसना शिकवण्यात घालवला होता, आणि आता त्या त्याच विषयाचे धडे कॉम्प्युटरवर करत होत्या. त्यांचा एक हेका होता. धडा तयार झाला की ज्याच्यासाठी केला त्याच्या शेजारी जाऊन बसायचं, तोंड बंद ठेवायचं आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवायचे. कारण शिकणारा अडखळला की धडा करणाऱ्याला राहवत नाही, तो माउस ओढून घेतो आणि मग धड्यात काय बिघडलंय ते कधीच कळत नाही. फोरमवर नव्या माणसानं काम दाखवलं की त्या एवढंच विचारायच्या, कुणाच्या शेजारी बसलास? मला ते वाचून हसू यायचं. म्हातारपणी माणसाला एकेक खूळ असतं, असं मी मनात म्हणायचे.

त्याच हिवाळ्यात सरांनी एक मोठं काम आणलं. सुरगाणा तालुक्यात काम करणारी एक संस्था होती. तिनं गावोगावच्या बायका आरोग्यताई म्हणून निवडल्या होत्या आणि मोठ्या गावांतल्या केंद्रांत जुने कॉम्प्युटर ठेवले होते. त्या बायकांसाठी आम्ही सीडी करायची होती. विषय होता लहान मुलांचे जुलाब. औषधाच्या पुड्या वेळेवर पोचल्या नाहीत तर घरच्या घरी मीठ-साखरेचं पाणी कसं करायचं, हा त्यातला मुख्य धडा. मी जीव ओतून लिहिला. शेवटी प्रश्न टाकला, की एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात काय घालाल? पहिला पर्याय, सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. दुसरा, सहा चमचे मीठ आणि अर्धा चमचा साखर. हे उलटापालट करताना मला पेपर काढणाऱ्या मास्तरणीचा आनंद झाला होता, तो मी लपवत नाही. जरा डोकं चालवू देत की, असं वाटलं होतं.

रफिकनं चित्रं केली. बरोबर उत्तर दिलं की आई बाळाला पाणी पाजते, बाळ शांत झोपतं, आई त्याच्या अंगावर चादर ओढते, कोपऱ्यात हिरवी खूण येते. चुकीचं उत्तर दिलं की खारट पाण्यानं बाळाचे डोळे मोठे होतात, ते हात वर करतं आणि खाटेवर तीनदा टुणटुण उडी मारतं.

"मॅडम, ये देखो," रफिक खूश होऊन म्हणाला. "बच्चा कसा उडतोय!"

आम्ही तिघं पुन्हा पुन्हा ते बटण दाबून हसलो. संस्थेचे साहेब आले, तेही हसले. सीड्यांच्या प्रती निघाल्या, कागदी पाकिटांत बंद होऊन जीपनं डोंगरात गेल्या. मी धड्याची चित्रं भाषांतरासकट फोरमवर टाकली. कौतुकाचा पाऊसच पडला. त्यात सगळ्यांत खाली आयलीनबाई होत्या. काम सुंदर आहे, त्यांनी लिहिलं होतं. कुणाच्या शेजारी बसलीस?

मी कारणं लिहिली. गाव लांब आहे, रस्ता घाटाचा आहे, भारनियमन आहे, शिवाय सीड्या गेल्यासुद्धा. त्यांचं उत्तर आलं, मी वाट बघते. आणि खाली अजून एक ओळ होती, की तिच्याकडून प्रश्न सोडवून घेऊ नकोस, तिच्या हातात भांडं दे आणि पाणी करायला सांग.

चीड आली मला. यांना काय माहीत आमच्याकडचं! पण चीड दुपारपर्यंतच टिकली. मग काळजी शिरली आणि ती काही केल्या निघेना. पोळी लाटताना मनात प्रश्न यायचा, त्या बायकांना नक्की काय कळलं असेल? चौथ्या दिवशी मी सरांना म्हटलं, मला एकदा जाऊन येऊ द्या.

सुरगाण्याची एसटी दिंडोरीच्या वाटेनं निघाली. दोन्ही बाजूंना बागा भरात होत्या. मांडवाखाली वाकून बायका घड कापत होत्या, कडेला क्रेट रचले होते आणि झाडांना बांधलेल्या झोळ्यांत लेकरं निजली होती. शेजारच्या सीटवरचा शेतकरी म्हणाला, "या समद्या सुरगाण्या-पेठच्या. सीझनला येत्यात, सीझन झाला का जात्यात." मी खिडकीला नाक लावून त्या झोळ्यांकडे बघत राहिले. ज्या बायकांसाठी धडा केला त्यांतल्या कित्येक जणी इथं, माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होत्या आणि मला याचा पत्ताच नव्हता. धडा बघून आलेली एखादी यांच्यात असली तर? तिच्या झोळीतल्या पोराला इथं जुलाब लागले तर? तिथून पुढं घाट लागेपर्यंत माझं लक्ष कशातच लागलं नाही.

केंद्रात यमुनाताई भेटल्या. चाळिशीच्या, काटक, सातवीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी धडा दोनदा पाहिला होता. दुपारी वीज आली तेव्हा पुन्हा लावला. पहिली गोष्ट दिसली ती ही, की त्या कॉम्प्युटरला स्पीकरच नव्हता. एवढ्या हौसेनं रेकॉर्ड केलेलं माझं निवेदन तिथं कुणी ऐकलेलंच नव्हतं. खालच्या ओळी यमुनाताई अक्षराला अक्षर लावून वाचायच्या, आणि निम्म्यावर येईपर्यंत त्या पुसल्या जायच्या. हीच चूक मी ब्राझीलच्या गृहस्थांना दाखवून शहाणी झाले होते. मी स्टुलावर बसले होते. हात मांडीखाली होते आणि त्यांना मुंग्या आल्या होत्या.

मग मी लिटरभर पाणी घातलेलं पातेलं, चमचा, मीठ आणि साखर पुढं ठेवली. म्हटलं, "ताई, आता ते पाणी करून दाखवा."

त्यांनी मिठाचा डबा ओढला. एक चमचा. मला वाटलं, आता साखरेकडे वळतील. दोन. तीन. ओरडू की नको? आयलीनबाईंचं म्हणणं, शेवटपर्यंत बघ. चार. पाच. समोर बाळ नव्हतं, नुसतं पाणी होतं, तरी मी स्टुलाच्या अगदी कडेवर आले. सहा. मग त्यांनी साखर घेतली, अगदी बेतानं, अर्धा चमचा, आणि ढवळू लागल्या. माझे हात मांडीखालून निघाले, मी उठलेसुद्धा. पण त्याआधीच यमुनाताईंनी ओंजळीत घोटभर घेऊन तोंडात टाकलं होतं. पुढच्या क्षणी त्या दारात जाऊन थुंकल्या.

"आई गं! हे कसलं पाणी?" त्यांनी सगळं पातेलं अंगणात उपडं केलं. "आमच्यात आईनं चाखल्याबिगर लेकराच्या तोंडात काय घालत नाय. हे तं जहर हाय."

"मग सहा चमचे मीठ का घातलंत, ताई?"

"तुमच्या कॉम्प्युटरमधीच तसं हाय ना. ते घातलं तं पोर उठून नाचाय लागलं."

"आणि दुसऱ्यात? तिथं बरोबरची खूण आली होती की."

"खूण दिसली. पण पोर तं गपगार पडलं. आईनं वरून चादर ओढली." त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मला एवढंही कळत नाही याचं त्यांना नवल वाटलं असावं. "जुलाबाचं पोर उड्या मारतंय तवर भ्या नाय, ताई. ते गपगार पडलं का काळजात धस्स होतं. म्हटलं, ही खूण कशाची केलीय यांनी?"

मी पुन्हा त्या स्टुलावर बसले. आम्ही मेलेलं बाळ काढलं होतं आणि त्याच्या शेजारी हिरवी खूण केली होती. नाशकातल्या पंख्याखाली बसून आम्हाला ते झोपलेलं दिसलं, कारण आमच्यापैकी कुणाच्याच मांडीवर तसं पोर कधी निपचित पडलं नव्हतं. "तुम्ही कुणाला पाजलं नाही ना?" मी विचारलं. नाही, त्या म्हणाल्या. त्यांच्या गावापुरता जीव भांड्यात पडला. पण बाकीची गावं होती.

आजही आठवलं की सरांचं मोठेपण वाटतं. मी सांगत असताना ते एकदा पांढरे पडले, काम जाईल, नाव जाईल हे त्यांच्या डोक्यात आलं असणारच. पण त्यांनी माझ्यासमोरच फोन उचलला आणि संस्थेला सगळं जसंच्या तसं सांगितलं. संस्थेची जीप गावोगाव फिरू लागली. सीडी परत घ्यायची आणि विचारायचं, हे पाणी कुणाला दिलंय का? रफिक दोन दिवस जुनी चित्रं पुसत बसला. तिसऱ्या दिवशी नवी चित्रं घेऊन आला. त्यात बाळ उठून बसत होतं आणि आईच्या बांगड्यांशी खेळत होतं. चुकीच्या उत्तरावर काहीच हलत नव्हतं.

"गलत को कुछ नहीं देना, मॅडम," तो म्हणाला. "चुकीला मजा नको."

त्याच सकाळी मी फोरमवर लिहिलं. शब्दकोश न काढता, एका दमात, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, स्पीकर नव्हता इथपासून चादरीपर्यंत. पाठवल्यावर भीती वाटली की आता हे लोक म्हणतील, असल्या बाईला इथं कुणी घेतलं? दुसऱ्या दिवशी ऑफिसचं कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. उत्तरं आली होती, आणि कुणी कुणी आपलंच झाकलेलं उघडं करून दाखवलं होतं. एकानं लिहिलं होतं, की कारखान्यात आग लागली तर काय करायचं याचा त्यानं धडा केला आणि त्यात बाहेर पळायचं दार भिंतीच्याच रंगाचं दाखवलं. वर्षभर कुणाला ते दिसलं नाही. आयलीनबाईंनी शाबासकी दिली नाही आणि बोलही लावला नाही. त्यांनी विचारलं, सगळ्या सीड्या परत आल्या का?

सगळ्या आल्या नव्हत्या. एक राहिली होती. घाटाखालच्या एका पाड्यावरची, सुमन नावाच्या आरोग्यताईची. पाड्यावर फोन नव्हता. जीप दोनदा जाऊन आली, तिच्या घराला कुलूप होतं आणि शेजारी म्हणाले, ती लेकराला घेऊन द्राक्षांवर गेलीय. कुठल्या बागेत, कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे ती कुठंतरी दिंडोरीच्या बाजूला होती, झोळीत तान्हं मूल होतं, आणि तिच्या डोक्यात माझा धडा होता की नव्हता, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी दोन रविवार बागाबागांतून हिंडले. सुमन नावाच्या सात-आठ जणी भेटल्या, ती नाही भेटली. एका बागेत झोळीतलं एक पोर फार वेळ हललं नाही, तेव्हा मी त्याच्या आईच्या देखत त्याला चिमटा काढला. ते रडलं. आईनं मला शिव्या घातल्या आणि मला त्या गोड लागल्या.

रोज सकाळी फोरमवर तोच प्रश्न असायचा. मिळाली का? स्कॉटलंडहून यायचा, ब्राझीलहून यायचा, आगीचा धडा करणाऱ्याकडून यायचा. अजून नाही, मी लिहायचे. ज्यांनी सुरगाणा नकाशावरसुद्धा पाहिलं नव्हतं अशी माणसं एका सुमनसाठी खोळंबून बसली होती. मी त्यांच्यापैकी कुणाचाही चेहरा कधी पाहिला नाही. पुढं काही वर्षांनी ते पान एक दिवस उघडलंच नाही, नंतरही नाही. आयलीनबाईंचा पत्ता घ्यायचं मला सुचलं नव्हतं. त्यांचं काय झालं, याची काळजी माझ्याकडे अजून तशीच पडून आहे. एवढ्या वर्षांत धडे मात्र खूप केले. एकही धडा कुणाच्या शेजारी बसल्याशिवाय बाहेर गेला नाही, आणि गेल्यावर मला झोप लागली असंही झालं नाही.

हंगाम उतरला. बागांमधून माणसं परतू लागली, दहावीचे पेपर संपले. यमुनाताईंनी निरोप धाडला, की सुमन आलीय. मी दुसऱ्याच दिवशी निघाले. जीप पाड्याच्या अलीकडे थांबली, तिथून चालत गेले. ओसरीवर गाठोडी अजून न सोडता पडली होती. विशी-बाविशीची सुमन आणि तिच्या कडेवर नाक गळणारं, टुकूटुकू बघणारं पोर. मी त्या पोराकडेच बघत राहिले.

"सीडीसाठी आलाय ना?" असं म्हणून ती आत गेली. पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. तिनं पाकीट माझ्या हातात दिलं. त्यावरची चिकटपट्टी मी नाशकात लावली होती तशीच होती, एक कोपराही सुटला नव्हता.

"रागावू नका, ताई," ती खाली मान घालून म्हणाली. "आली त्याच दिवशी मुकादमाची गाडी आली, आम्ही गेलो. एक बारी पण नाय पाह्यली. तुम्ही एवढ्या मेहनतीनं केली असंल."

मी पाकीट उराशी धरलं आणि तिथंच ओसरीवर बसून मोठ्यानं रडायला लागले. तिला वाटलं, मला फार लागलं. ती पोराला खाली ठेवून माझ्याजवळ बसली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत पुन्हा पुन्हा सांगत राहिली, की उद्या केंद्रात लाईट आली का पयली हीच बघते.